‘टेबल करणे’ म्हणजे विषय मांडायचा की गुंडाळायचा?

पर्वरीचो_कोडर
नमस्कार मंडळी, इंग्रजीचा प्रश्न आहे, हसू नका. मी पर्वरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, क्लायंट अमेरिकेतला. गुरुवारी तिकडच्या मॅनेजरबाईंचा मेल आला, त्यात एक ओळ, ‘लेट्स टेबल द रिफंड मॉड्यूल’. मी म्हटलं बरं, म्हणजे सोमवारच्या कॉलला रिफंडचा विषय मांडायचाय. शनिवार-रविवार त्यात घातला, बाहेर धो धो पाऊस, लाइट तीनदा गेली, इन्व्हर्टरवर बसून 22 स्लाइड केल्या, माशेलला मावशीकडे जेवायला जायचं होतं ते पण राहिलं. सोमवारी स्क्रीन शेअर केली तर पलीकडे एकदम शांत, मग बाई म्हणतात, ‘आय थॉट वी टेबल्ड दिस?’ मी आपला उत्साहात, येस येस, दॅट्स व्हाय! त्यांना वाटलं मी टोमणा मारतोय. नंतर लीडने सांगितलं की अरे त्यांना विषय सध्या नको होता.

आता सांगा, आमच्या ऑफिसपासून विधानसभा हाकेच्या अंतरावर, अधिवेशन चालू असलं की इंग्रजी पेपरात रोज ‘बिल टेबल्ड’ वाचतो, तिथे तर मांडलं असाच अर्थ असतो ना? मग चूक कोणाची?

फोंड्याचे_मास्तर
बाबा, तुझीही नाही आणि तिचीही नाही. ब्रिटनमध्ये टेबल करणे म्हणजे चर्चेला आणणे, आपण संसदेची पद्धत त्यांच्याकडून घेतली म्हणून आपल्याकडेही तेच. मराठी बातमीत ‘कॅगचा अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला’ असं वाचतोस ना, ते पटल म्हणजेच हे टेबल. अमेरिकेत बरोबर उलटं, टेबल करणे म्हणजे बाजूला ठेवणे.

गंमत अशी की मूळ कृती एकच, कागद टेबलावर ठेवायचा. ब्रिटिशांच्या लेखी तो सगळ्यांसमोर आला, आता बोला. अमेरिकनांच्या लेखी ठेवलाय ना, मग राहू दे तिथेच. मेजर रॉबर्ट म्हणून त्यांच्या सैन्यातला इंजिनिअर, त्याने 1876 मध्ये सभेच्या नियमांचं पुस्तक काढलं, तिकडच्या संस्था अजून त्यावर चालतात. त्यात टेबलावर ठेवलेला विषय परत उचलून घेण्याची वेगळी सोय आहे, म्हणजे तात्पुरतं बाजूला. पण त्यांच्या काँग्रेसमध्ये टेबल करण्याचा ठराव मंजूर झाला की विषय बहुतेक मेलाच समज.

डिचोलीची_बाय
कोडर दादा, तुझ्या आधी मोठमोठे लोक यात आपटलेत, वाईट वाटून घेऊ नकोस 😄 दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी एक निकडीचा कागद घेऊन अमेरिकनांकडे गेले आणि म्हणाले हा टेबल करायचाय, अमेरिकन म्हणाले छे, इतका महत्त्वाचा विषय टेबल अजिबात करायचा नाही, आणि चांगलीच जुंपली. बऱ्याच वेळाने कळलं की दोघांना एकच हवंय. हे खुद्द चर्चिलने लिहून ठेवलंय, आणि त्याला साहित्याचं नोबेल आहे, 1953 चं, तेव्हा भाषेचं त्याचं ऐकायला हरकत नाही.

आणि इंग्रजीला काय हसायचं, आपल्याकडे पगार वाढवतात आणि नारळ पण वाढवतात. लहानपणी आजी म्हणायची ‘बांगडी वाढवली गो’ आणि मला वाटायचं नवीन मिळणार, बघते तर काचा.

म्हापसेकर_बँकवाला
आमच्याकडे असाच एक सॅन्क्शन आहे. लोन सॅन्क्शन झालं की गिऱ्हाईक पेढे घेऊन येतं, आणि टीव्हीवर रशियावर सॅन्क्शन्स म्हणजे निर्बंध. एका काकांना फोन केला की तुमची केस सॅन्क्शन झाली, ते घाबरून म्हणतात, अहो पण मी केलं काय?

टेबलाचं म्हणाल तर ‘ऑन द टेबल’ दोन्हीकडे सरळच, ऑफर ऑन द टेबल म्हणजे प्रस्ताव अजून खुला आहे. अमेरिकनसुद्धा हे असंच बोलतात, फक्त क्रियापद केलं की उलटतात. टेबलाखालचं काय ते सगळ्या देशांत सारखंच असणार.

रात्रपाळी
मी पेपरात भाषांतर करतो, म्हणून उपयोगाचं तेवढं सांगतो. आधी बघायचं बोलणारा कुठला. मग शेजारचे शब्द बघायचे, ‘फॉर नाऊ’, ‘अनटिल नेक्स्ट मंथ’ असं काही चिकटलेलं असेल तर लांबणीवर टाकणं, आणि सभागृहात बिल, प्रश्न, अहवाल असेल आणि देश भारत, ब्रिटन, कॅनडा असेल तर मांडणं. तुझ्या मेलात दोन्हीपैकी काहीच नव्हतं, म्हणून फसलास. आमच्या डेस्कवर एकदा ‘सिनेट टेबल्ड द अमेंडमेंट’ आलं, रात्रीचा दीड, पान सोडायची घाई, एकाने ठोकून दिलं ‘दुरुस्ती सिनेटमध्ये मांडली’. सकाळी कळलं ती सिनेटने निकालात काढली होती. तेव्हापासून कॉपीत टेबल दिसला की मी आधी डेटलाइन, म्हणजे बातमी कुठून आली ती ओळ, बघतो. आणि स्वतः लिहिताना हा शब्द वापरूच नकोस, मांडायचं तर प्रेझेंट किंवा डिस्कस, ढकलायचं तर पोस्टपोन.

पर्वरीचो_कोडर
मास्तर, बाय, सगळ्यांना देव बरें करूं. मी आज बाईंना मेल टाकला की भारतात टेबलचा अर्थ उलटा, टोमणा नव्हता. त्यांचं उत्तर आलं, खूप हसल्या म्हणे, आणि स्लाइड पाठव म्हणाल्या, आम्ही पुढच्या क्वार्टरला बघू. लीडला सांगितलं तर तो म्हणाला चल, परवा बसूया त्यावर. विचारून घेतलं, येणाऱ्या परवा ना?