कोरा टॅब उघडा आहे, तरी ब्राउझर कोणाशी बोलून राहिला?

महालची_ताई:
महालात आमचं फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, स्कॉलरशिप, सध्या ॲडमिशनचे दिवस म्हणून सकाळपासून लाइन. काल दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टरवर एक कॉम्प्युटर आणि राउटर तेवढा चालू, गिऱ्हाईक कोणी नाही, म्हणून सहज रिसोर्स मॉनिटर उघडून नेटवर्कचा टॅब पाहिला. ब्राउझरमध्ये एकही साइट उघडी नाही, होमपेजही कोरं, तरी त्याच्या नावापुढे चार-पाच कनेक्शन, काही पत्ते ३४.१०७ ने सुरू होणारे. राउटरच्या लॉगमध्ये पाहिलं तर डिटेक्टपोर्टल असं काहीतरी पुन्हा पुन्हा. मी काही उघडलंच नाही, मग हा कोणाला काय सांगून राहिला? लोक आधार, पासबुक विश्वासानं हातात देतात, सगळं याच मशीनवर स्कॅन होते, रात्री झोप नाही लागली. सगळंच ब्लॉक करू का?

केबलवाला_भाऊ:
ताई, सगळं ब्लॉक बिलकुल करू नका. डिटेक्टपोर्टल म्हणजे तुमचा फायरफॉक्स आहे. नागपूर स्टेशनवर वायफाय लावलं की आधी मोबाइल नंबर आणि ओटीपीचं पान येते ना, तसं काही मधे आडवं आहे का हे तो तपासतो. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या सर्व्हरवरून इवलीशी ठरलेली फाइल मागवतो, ती जशीच्या तशी आली की नेट मोकळं. तुमच्या स्कॅनचा त्याच्याशी संबंध नाही, पण तुमचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, आणि ब्राउझर आत्ता चालू आहे एवढं समोरच्याला कळतेच.

बंद करायचं तर वरच्या पत्त्याच्या पट्टीत अबाउट:कॉन्फिग टाकून आतल्या सेटिंग उघडा, त्यात कॅप्टिव्ह-पोर्टल-सर्व्हिस आणि कनेक्टिव्हिटी-सर्व्हिस, दोन्हींची 'इनेबल्ड'वाली ओळ फॉल्स करा. मी आधी पहिलीच केली होती, लॉगमध्ये पत्ता तसाच येत राहिला, दुसरी सापडेपर्यंत दोन दिवस गेले.

बाकी कनेक्शन म्हणजे पुश नोटिफिकेशन, अपडेट, टेलिमेट्री (ब्राउझर कसा वापरता याची माहिती कंपनीला पाठवणं), सेफ ब्राउझिंग (धोक्याच्या साइटींपासून सावध करणारं). टेलिमेट्री सेटिंगमधल्या प्रायव्हसीत आहे, खुशाल काढा. अपडेट आणि सेफ ब्राउझिंगला मात्र हात लावू नका. सेफ ब्राउझिंग प्रत्येक साइट गूगलला कळवते असं लोक सांगतात, फायरफॉक्समध्ये तसं नाही, धोक्याच्या साइटींची यादी तुमच्याच मशीनवर उतरते आणि तिथेच जुळवली जाते, जुळलं तरच गूगलकडे हॅशचा, म्हणजे पत्त्यापासून बनवलेल्या सांकेतिक आकड्याचा, सुरुवातीचा तुकडा विचारायला जातो.

धरमपेठ_१०:
भाऊचं सगळं बरोबर, पण आधी विचारायला पाहिजे होतं की नाही? माणसानं काही उघडलं नाही तर मशीननं गप्प बसावं, माझं तरी हेच म्हणणं आहे. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या डग्लस लीथ यांनी सहा ब्राउझर तपासले होते, त्यात ब्रेव्ह सगळ्यात कमी बोलणारा निघाला, क्रोम, फायरफॉक्स, सफारी मधे, आणि एज नि यांडेक्स मशीनशी बांधलेली ओळख पाठवणारे म्हणून शेवटी. म्हणजे कमी बोलून काम भागते. आणि ताई, त्याच अबाउट:कॉन्फिगमध्ये स्पेक्युलेटिव्ह-पॅरलल-लिमिट शून्य करा, नाहीतर नव्या टॅबवरच्या चित्रावर नुसता माउस नेला, क्लिकही नाही केलं, तरी त्या साइटशी कनेक्शन उघडते. क्रोम वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमधल्या सिस्टिममध्ये जाऊन, क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप चालू ठेवायचं बटण बंद करा.

झेरॉक्स_नंदनवन:
माझंही असंच दुकान आहे. ताई, आधार बाहेर जायचं भ्या असेल तर आधी एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, पहा, कोणी पीडीएफ कन्व्हर्टर वगैरे टाकलं असेल तर त्याला सगळ्या साइटींवरचं वाचायची परवानगी असू शकते, ते या कनेक्शनांपेक्षा कितीतरी वाईट. गिऱ्हाइकाचं लॉगिन प्रायव्हेट विंडोतच करा आणि काम झालं की खिडकी बंद. डाउनलोड फोल्डर कधी उघडून पाहिला का?

महालची_ताई:
दोन्ही ओळी फॉल्स केल्या, अर्धा तास लॉग पाहिला, डिटेक्टपोर्टल एकदाही नाही आलं. माउसवालंही शून्य केलं. एक्स्टेंशन दोन निघाले, एक कोणी टाकलं आठवतही नाही, दोन्ही काढले. पण डाउनलोडमध्ये मार्चपासूनच्या लोकांच्या आधारच्या पीडीएफ तशाच पडून आहेत हो, नावासकट. शटर अर्धं ओढलं आहे, आधी त्या काढते.