फारसा कुणी न ऐकलेला, पण आपला झालेला अल्बम: तुम्हाला कुठे सापडला?

पाऊस लागला की मला ‘कोलॉसल यूथ’ लावावासा वाटतो आणि दरवर्षी वाटतं हे कुणाशी तरी बोलावं, तर आज बोलतेच. यंग मार्बल जायंट्स नावाचा कार्डिफचा तिघांचा बँड, दोन भाऊ आणि गाणारी ॲलिसन स्टॅटन. 1980 साली हा एकच स्टुडिओ अल्बम काढला आणि मग बँड मोडला. मला तो मिळाला तेव्हा मी पंचवटी एक्स्प्रेसने रोज दादरला अप-डाऊन करायचे, डब्यातल्या एका पासवाल्या काकांनी मेमरी कार्डावर टाकून दिला, म्हणाले घाटात रेंज जाते तेव्हा ऐक. पहिल्यांदा वाटलं फाइलच खराब आहे, कारण ड्रमर नाहीच, एक मशीन टिकटिक करतंय, गिटारच्या तारा हाताने दाबून वाजवल्यासारख्या, मधे नुसतीच शांतता, आणि ही बाई गाते कशी तर आपण भांडी लावताना स्वतःशी गुणगुणतो तशी. इगतपुरीला बंद केला. चार दिवसांनी गाडी कसारा घाटातल्या बोगद्यात थांबली, लाइट गेले, सगळा डबा गप्प, आणि कानात तेवढं ते मशीन नि ती. त्या दिवशी दादरपर्यंत तीनदा ऐकला. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनच्या आवडत्या पन्नास अल्बममध्ये हा होता हे फार नंतर कळलं, माझ्यासाठी तो आजही काकांचाच अल्बम आहे.

तुम्हाला असा अल्बम कुणी दिला, कुठे ऐकलात? सविस्तर लिहा, नाव नक्की टाका.

*

माझा तुमच्या प्रश्नात बसतो का माहीत नाही, पण जगावेगळा आहे. चरणजित सिंग, ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारा माणूस, 1982 मध्ये रोलंड कंपनीची सिंथेसायझर नि ठेक्याची यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले, खपला नाही. 2010 ला परत निघाला तेव्हा बाहेरचे लोक चक्रावले, कारण त्यातल्या टीबी-303 या यंत्राचा तो बुडबुड्यांसारखा बेस शिकागोच्या ॲसिड हाउस या नाचाच्या संगीतात गाजला 1987 च्या सुमारास. मला हा अंबडला नाइट शिफ्टला एका ऑपरेटर मित्राने ऐकवला, पहाटे चहाच्या सुट्टीत, एक इअरफोन त्याच्या कानात एक माझ्या.

पण खरा ऐकला तो आत्याबरोबर. आत्या नाशिकला पंचवटीत पेटी शिकवते. पहिलाच ट्रॅक भैरवी, ती म्हणाली, ‘अरे, हा भैरवीने सुरुवात करतोय? मैफल संपवून मग बसला का हा?’ तरी उठली नाही. डोळे मिटून मालकंसापर्यंत आली, मग पेटी ओढली, भाता उघडला आणि त्या मशीनबरोबर हळूहळू वाजवायला लागली, लय सुटली की हसायची, परत पकडायची. एवढ्या वर्षांत तिला कुणाच्या रेकॉर्डबरोबर वाजवताना मी पाहिलं नव्हतं. ते रेकॉर्ड करून ठेवायला हवं होतं राव.

*

1982 वरून आठवलं, रूपा बिस्वासचा ‘डिस्को जॅझ’ पण त्याच सालचा. कोलकात्याची मुलगी, कॅनडात कॅल्गरीला रेकॉर्ड केला, सरोदवर आशिष खान. इकडे कुणी विचारलं नाही, 2019 ला परत आला. त्यात ‘आज शनिबार’ म्हणून गाणं आहे, आणि आमच्या कॉलनीत लाइट जायची ती नेमकी शनिवारी, तर भाचीने मोबाइल रिकाम्या पातेल्यात ठेवून लावलं आणि आम्ही मावशी-भाची पोळ्या लाटता लाटता नाचलो. अजून शनिवारी तेच लागतं.

*

ताई, काकांना शोधा आणि हे वाचून दाखवा.

*

मी दिंडोरीकडचा, द्राक्षबाग आहे. वाश्टी बन्यनचा ‘जस्ट अनदर डायमंड डे’, 1970 चा. घोडागाडीतून स्कॉटलंडकडे निघालेली बाई, वाटेत सुचलेली बरीच गाणी यात आहेत. कुणी घेतला नाही म्हणून तिने गाणं सोडलं, तीस वर्षांनी, 2000 मध्ये परत निघाला तेव्हा लोकांना कळली, आणि 2005 ला तिने दुसरा अल्बम केला. अवकाळीने आमचे मणी तडकले त्या वर्षी कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या पोरीने पाठवला, काही न लिहिता. इंग्रजी गाणी मला निम्मी कळत नाहीत. बागेत फुटके घड कात्रीने काढत होतो, तेव्हा दिवसभर तेच चालू ठेवलं. संध्याकाळी बायको म्हणाली, त्या बाईला राहू द्या, बंद नका करू.