क्रश सँड वाईट नाही, डस्ट वाईट

बरेच जण म्हणतात की क्रश सँडनं, म्हणजे क्रशरवर दगड फोडून केलेल्या वाळूनं, प्लॅस्टरला तडे जातात, नदीची वाळूच हवी. तड्यांचं पटतं, पण त्यामागचं कारण पटत नाही. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, खडीला उत्तम दगड. त्याचीच नीट धुतलेली, चाळलेली क्रश सँड कमजोर कशी असेल? घोळ होतो तो क्रशरवरची डस्ट, म्हणजे दगड फोडताना उरणारी बारीक भुकटी, क्रश सँड म्हणून गळ्यात मारली जाते तेव्हा.

आमच्या घराच्या वेळी नेमकं हेच झालं. दोन ब्रास (म्हणजे दोनशे घनफूट) माल रात्री पडला, सकाळी गवंड्यानं मूठ दाबून दाखवली, तळहात पिठासारखा पांढरट. काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळून ठेवलं तर वर भुकटीचा जाड थर बसला. ती भुकटी पाणी जास्त ओढते, मिस्त्री पाणी वाढवतो, मग तडे जाणारच. माल परत पाठवला आणि कोल्हापूरजवळच्या टोप गावाच्या बाजूच्या दुसऱ्या क्रशरवरून धुतलेली सँड आणली. दर थोडा जास्त पडला, पण अंतर कमी म्हणून भाडं वाचलं. काँक्रीटचा साधारण तीन चतुर्थांश भाग खडी-वाळूचाच असतो हो, सिमेंटच्या ब्रँडवर आपण उगाच जास्त भांडतो. गाडी रिकामी व्हायच्या आत ग्लासाची परीक्षा करा.