ह्युस्टन आणि हार्वी चक्रीवादळ : दुरून नेमके कशावर लक्ष ठेवावे?

सायली_पुणे
२६ ऑगस्ट २०१७, सकाळी ११.४०

नमस्कार. माझा धाकटा भाऊ ह्युस्टनच्या पश्चिम भागात, बफेलो बायूच्या (बायू म्हणजे तिकडचा संथ वाहणारा ओढा) अगदी जवळच्या एका वसाहतीत तळमजल्यावर भाड्याने राहतो. आज आपल्याकडे सकाळी साडेआठच्या सुमारास, म्हणजे तिकडे शुक्रवारी रात्री दहाला, हार्वी चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्ट गावाजवळ धडकले. ते चौथ्या श्रेणीचे होते आणि वाऱ्याचा वेग ताशी १३० मैल होता, असे सर्वत्र सांगितले जात आहे. कालच घरी गणपती बसले आहेत. पाहुण्यांची ये-जा चालू असताना टीव्हीवर सतत मोडलेली छपरे दिसत आहेत आणि आईचे नैवेद्यात लक्ष नाही. भावाचे म्हणणे असे की वादळ त्याच्यापासून अडीचशे किलोमीटरवर गेले, त्याच्याकडे वारा फारसा नाही, नुसता पाऊस आहे, त्यामुळे काळजीचे कारण नाही. एवढे सांगून तो झोपला.

नकाशावरच्या त्या पांढऱ्या शंकूकडे पाहावे, वादळाच्या श्रेणीकडे पाहावे की आणखी कशाकडे, हे मला समजत नाही. श्रेणी तर तासातासाला उतरते आहे, म्हणजे संकट टळले असे समजावे का? वाहिन्या आणि फॉरवर्ड बाजूला ठेवून थेट मूळ माहिती कुठे मिळते आणि ती किती वेळाने बदलते, हे तिकडे राहणाऱ्या किंवा या विषयातल्या कोणी सांगितले तर फार बरे होईल.

---

मेयरलँडकर
२६ ऑगस्ट २०१७, रात्री ९.१५

सायलीताई, मी ह्युस्टनच्या नैर्ऋत्येला ब्रेज बायूच्या काठी राहतो. आमच्या भागात २०१५ आणि २०१६ या लागोपाठच्या दोन्ही वर्षी घराघरांत पाणी शिरले होते, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. आपल्या भावाने वाऱ्याबद्दल जे सांगितले ते खरे आहे, परंतु त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष बरोबर नाही.

वादळाची श्रेणी केवळ वाऱ्याच्या वेगावरून ठरते. पावसाशी तिचा काहीही संबंध नाही. शंकूचेही तसेच आहे. वादळाचा मध्यबिंदू कुठून जाण्याची शक्यता आहे, एवढेच तो दाखवतो, आणि तेही मागील काही वर्षांत अंदाज किती चुकले यावरून साधारण दोन-तृतीयांश खात्रीने. शंकूच्या बाहेर असलेला माणूस सुरक्षित आहे, असे त्यात कुठेही म्हटलेले नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राचे मुख्य बुलेटिन दर सहा तासांनी येते, म्हणजे आपल्या घड्याळात सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, रात्री साडेआठ आणि पहाटे अडीचला, आणि किनाऱ्यावर इशारा लागू असेपर्यंत मध्ये तीन तासांनी एक छोटे बुलेटिन असते. त्यातला नकाशा सोडून खालचा मजकूर वाचावा, कारण पावसाचे वाक्य तिथे असते. सध्या त्यात काही ठिकाणी एकूण ४० इंच, म्हणजे १००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडेल असे लिहिले आहे. वारा ओसरला तरी हा आकडा उतरलेला नाही आणि खरी काळजी त्याचीच आहे.

ह्युस्टन हे जवळजवळ ताटासारखे सपाट शहर आहे आणि शहराचे पाणी वाहून नेण्याचे काम संथ वाहणारे हे बायू करतात. पाऊस जोराचा झाला की आधी रस्त्यांत पाणी साठते, कारण रस्ते तसेच आखलेले आहेत, आणि बायू काठोकाठ भरले की रस्त्यातल्या पाण्याला जायला जागा उरत नाही. त्यामुळे भाऊ कोणत्या बायूच्या पाणलोटात राहतो, हे आधी समजून घ्यावे. हॅरिस काउंटीच्या, म्हणजे ह्युस्टन ज्या जिल्ह्यात येते त्याच्या, पूर नियंत्रण विभागाचे एक संकेतस्थळ आहे. त्यावर दीडशेहून अधिक मापकांचे पाऊस आणि पाणीपातळीचे आकडे सतत येत असतात. त्याच्या घराजवळच्या बिंदूवर टिचकी मारली की आलेख उघडतो. त्यात काठाची पातळी आडव्या रेषेने दाखवलेली असते आणि पाण्याची रेघ त्या रेषेच्या किती खाली आहे हे दिसते.

आज सकाळपासून इथे पाऊस ओसरला आहे, दुकाने उघडी आहेत, लोक बाहेर पडले आहेत. या उघडिपीवर विश्वास ठेवू नये. आखातावरून येणारे पावसाचे पट्टे रात्री पुन्हा एकाच भागावर ओळीने येत राहण्याची शक्यता आहे. त्याने आजच गाडी उंचावर नेऊन लावावी, कागदपत्रे पिशवीत भरावीत आणि वरच्या मजल्यावरच्या कोणाशी तरी आधीच बोलून ठेवावे. शहर सोडून जाण्याचा आदेश का दिला नाही, असे आपल्या मनात येईल. २००५ साली रीटा वादळाच्या वेळी लाखो लोक एकाच वेळी निघाले, महामार्ग तासन् तास तुंबले आणि त्या पलायनातच सुमारे शंभर माणसे दगावली, हे इथल्या प्रशासनाच्या डोक्यात अजून ताजे आहे.

---

निवृत्त_अभियंता_नाशिक
२७ ऑगस्ट २०१७, सकाळी १०.३०

मी जलसंपदा खात्यातून निवृत्त झालो असून काल रात्रीपासून वरील संकेतस्थळ उघडून बसलो आहे. तिकडे आता मध्यरात्र आहे आणि शहरातले मापक एकामागून एक काठाची पातळी ओलांडत आहेत.

वादळ पुढे का सरकत नाही, याचे कारण असे की त्याला ढकलणारे वरच्या थरातले वारेच जवळजवळ नाहीसे झाले आहेत. दोन्ही बाजूंना उच्च दाबाची क्षेत्रे आहेत आणि हार्वी त्यांच्या मध्ये अडकले आहे. अर्धा भाग जमिनीवर आणि अर्धा उबदार मेक्सिको आखातावर, अशा स्थितीत त्याला बाष्पाचा पुरवठा थांबत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तो पाऊस भयंकर होता, पण तो एका दिवसात आटोपला आणि मुंबईला समुद्राकडे उतार आहे. ह्युस्टनमध्ये तेवढाच किंवा त्याहून अधिक पाऊस चार-पाच दिवसांत, अनेक तालुक्यांएवढ्या सपाट प्रदेशावर पडणार, असे दिसते.

सायलीताईंसाठी आलेख वाचण्याबाबत दोन गोष्टी सांगतो. तिथे दिसणारे ५० किंवा ६० फूट ही पाण्याची खोली नसून समुद्रसपाटीपासूनची उंची आहे, त्यामुळे आकडा पाहून घाबरण्यापेक्षा तो काठाच्या रेषेच्या किती जवळ आहे आणि मागच्या तासात किती चढला, हे पाहावे. तासाला अर्धा फूट चढणारे पाणी काठापासून चार फूट खाली असेल तर आपल्या हाती साधारण आठ तास आहेत, आणि तेही पाऊस वाढला नाही तर. आणि रेघ अचानक सपाट झाली तर पाणी थांबले असे लगेच समजू नये. पुष्कळदा मापकच पाण्याखाली गेलेला किंवा बंद पडलेला असतो. अशा वेळी त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूचा मापक ताडून पाहावा.

आपले बंधू बफेलो बायूजवळ आहेत म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहितो. त्याच्या वरच्या अंगाला ॲडिक्स आणि बार्कर असे दोन मातीचे बांध आहेत. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर लष्कराच्या अभियंता दलाने ते बांधले. एरवी ते कोरडे असतात, आत मैदाने आणि बागा आहेत, त्यामुळे आपण धरणाखाली राहतो याची तिथल्या अनेकांना कल्पनाही नसते. आजपासून बायूच्या मापकाइतकेच लक्ष या दोन जलाशयांच्या पातळीवर ठेवावे.

---

सायली_पुणे
२८ ऑगस्ट २०१७, दुपारी १२.३०

दोघांचेही मनापासून आभार. मेयरलँडकरांनी सांगितल्याप्रमाणे भावाने शनिवारी संध्याकाळीच गाडी एका बहुमजली वाहनतळावर नेऊन ठेवली आणि रविवारी दुपारी तो त्याच वसाहतीत तिसऱ्या मजल्यावरच्या मित्राकडे गेला. त्याने वरून काढलेले छायाचित्र पाठवले आहे. खालच्या गाड्यांच्या दारांच्या मुठींपर्यंत तपकिरी पाणी आहे आणि त्यावर कोणाचा तरी कचऱ्याचा हिरवा डबा आडवा तरंगतो आहे. तिथली एक स्थानिक दूरचित्रवाणी वाहिनी स्वतःच पाण्यात गेल्यामुळे काही काळ बंद पडली, असेही तो म्हणाला.

आता ॲडिक्स आणि बार्करचे दरवाजे उघडले आहेत. घोषणा पहाटे दोनची होती, परंतु जलाशय तासाला अर्ध्या फुटाहून अधिक वेगाने चढू लागल्याने त्याआधीच विसर्ग सुरू झाला, असे समजते. पाऊस चालू असताना, खालची वस्ती आधीच पाण्यात असताना आणखी पाणी सोडण्याला काय अर्थ आहे? घरात सर्वांना याचा राग आला आहे.

---

निवृत्त_अभियंता_नाशिक
२८ ऑगस्ट २०१७, दुपारी २.०५

ताई, राग स्वाभाविक आहे. दरवर्षी खडकवासल्यातून विसर्ग वाढला की मुठेकाठचे लोकही हेच विचारतात, आणि उत्तरही तेच आहे. दरवाजे बंद ठेवले तरी येणारे पाणी थांबत नाही. ते बांधाच्या टोकांना वळसा घालून, नियंत्रणाबाहेर, कुठेही वाहू लागते, आणि बांध १९४० च्या दशकातले मातीचे आहेत. सुरुवातीला दोन्ही मिळून सुमारे ८००० क्युसेकपर्यंत सोडण्याचे ठरले आहे. हा आकडा वाढेल, असे गृहीत धरूनच चालावे.

यात एक अन्याय मात्र आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. खालच्या अंगाची घरे विसर्गामुळे बुडतील, तर वरच्या अंगाला जलाशयाच्या पूर्ण भरण्याच्या रेषेच्या आत, सरकारी जमिनीच्या हद्दीबाहेर ज्या वसाहती बांधू दिल्या, त्या साठणाऱ्या पाण्याने बुडतील. अभियंत्याने दरवाजा केव्हाही उघडला तरी कोणाच्या तरी घरात पाणी जाणारच, अशी ही रचना झाली आहे.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की आता बफेलो बायूचे पाणी पावसावर अवलंबून राहिलेले नाही. ऊन पडले तरी ते चढू शकते. यापुढे पावसाचा नकाशा बाजूला ठेवून अभियंता दलाचे विसर्गाचे आकडे पाहावेत.

---

शुगरलँड_वाचक
२९ ऑगस्ट २०१७, रात्री ९.००

आम्ही ह्युस्टनच्या नैर्ऋत्येला फोर्ट बेंड काउंटीत राहतो. इकडे मराठी कुटुंबे बरीच आहेत, म्हणून ज्यांचे नातलग या भागात आहेत त्यांच्यासाठी लिहिते. आमचा प्रश्न बायूचा नसून ब्राझोस नदीचा आहे आणि तिची चाल निराळी आहे. बायू काही तासांत चढतो, नदी काही दिवसांत चढते. रिचमंड येथील मापकावर पाणी ५९ फुटांपर्यंत जाईल असा अंदाज रविवारी आला. मागच्या वर्षीचा उच्चांक ५५ फुटांच्या आत होता, त्यामुळे पूरबांधांच्या आत असलेल्या अनेक वसाहतींना घरे सोडण्याचे आदेश मिळाले. आम्ही काल निघालो तेव्हा घराभोवतीची जमीन जवळजवळ कोरडी होती आणि सासूबाईंना भारतातून फोनवर ते पटतच नव्हते.

फॉरवर्डबद्दलही लिहायला हवे. महामार्गावरच्या पाण्यात पोहणारा शार्क आणि पाण्यात बुडालेली विमाने ही दोन्ही चित्रे खोटी आहेत. ती दरवेळी कुठल्या ना कुठल्या पुरात फिरतात. शहराचा पाणीपुरवठा बंद होणार, हा निरोपही ह्युस्टनच्या प्रशासनाने नाकारला आहे. मात्र ह्युस्टन विद्यापीठात दोनशेच्या आसपास भारतीय विद्यार्थी अडकल्याची बातमी खरी होती. ती स्वतः परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी दिली आणि भारतीय वाणिज्य दूतावास त्यात लक्ष घालत आहे. अमेरिकेच्या हवामान खात्याला तर काल पावसाच्या नकाशात जांभळ्याच्या दोन नव्या छटा घालाव्या लागल्या, कारण जुनी रंगपट्टी संपली होती.

आणि आज मुंबईतही पावसाने पाणी तुंबले आहे, तिथून येणारे निरोप वाचून कोणी कोणाची चौकशी करावी, हेच समजेनासे झाले आहे. माझी बहीण दादर स्थानकावर अडकली आहे आणि मी इथे निवारा केंद्रात बसून तिच्यासाठी लोकलची स्थिती पाहते आहे.

---

मेयरलँडकर
१ सप्टेंबर २०१७, रात्री ८.४०

आमच्या घरात या वेळीही पाणी आले, सुदैवाने आम्ही माडीवर होतो. वीज आजच आली, म्हणून उशिरा लिहितो आहे. हार्वी बुधवारी लुइझियानात पुन्हा किनाऱ्यावर आले आणि आता दूर गेले. सीडर बायूवरील मापकाने ५१.८८ इंच पावसाची नोंद केली. ब्राझोस रिचमंडला ५५ फुटांच्या थोडी वर जाऊन थांबेल असे दिसते, म्हणजे नवा उच्चांक होईल खरा, पण ५९ च्या बराच खाली. शुगरलँडच्या वाचकांनी तरीही आदेश उठेपर्यंत परतू नये.

सायलीताई, आपल्या भावाच्या बाबतीत अभियंता काकांनी वर्तवले तसेच झाले. ॲडिक्सचे पाणी मंगळवारी बांधाच्या उत्तर टोकाजवळून वळसा घालून बाहेर पडू लागले आणि दोन्ही जलाशयांचा एकूण विसर्ग सुमारे १३,००० क्युसेकपर्यंत नेला गेला. इथे ऊन आहे, परंतु हा विसर्ग अजून बरेच दिवस चालणार आहे, तेव्हा त्याने तळमजल्यावर परतण्याची घाई करू नये. वस्तू आणायच्या म्हणून पाण्यातून चालत तर मुळीच जाऊ नये. त्या पाण्यात सांडपाणी आहे आणि खालच्या घरांची वीज बंद आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही.

पाणी उतरल्यावर काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोलीतल्या भिंतीवरची पाण्याची रेघ आणि प्रत्येक वस्तू यांची छायाचित्रे काढावीत. नेहमीच्या घरविम्यात किंवा भाडेकरूच्या विम्यात पुराचे नुकसान सहसा धरलेले नसते, पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. त्याच्याकडे तो नसेल तर संघराज्य आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडे मदतीसाठी नाव नोंदवता येते. ती नोंदणी फोनवर किंवा संकेतस्थळावरून होते. त्यासाठी ताटकळण्याची तयारी ठेवावी लागेल, कारण सध्या सगळे शहर त्याच रांगेत आहे. त्याचा व्हिसा कोणता आहे ते कळवा. पात्रता त्यावर अवलंबून असते, आणि आमच्या ओळखीत हे काम केलेले एक-दोघे आहेत, त्यांच्याशी त्याची गाठ घालून देतो.