मदत हवी आहे : पुढच्या वयासाठी पुस्तकं आत्ताच बाजूला काढावीत का?

नमस्कार मंडळी. मी ५४ वर्षांची, राज्य सरकारी नोकरीत. चार वर्षांनी, ५८ पूर्ण झाली की निवृत्ती. मुलीला सातवा महिना लागलाय आणि आईला हल्ली नावं आठवत नाहीत. म्हणजे आजी होणं, आईचं करणं आणि रिकामी दुपार, तिन्ही दारात उभी आहेत. त्यासाठी वाचन ठरवून ठेवावं असं मनात आहे.

हे सुचलं भालचंद्र नेमाडेंच्या 'कोसला' कादंबरीमुळे. कॉलेजात वाचली तेव्हा होस्टेलचीच पानं पाठ होती. मुलगी झाल्यावर पुन्हा उघडली आणि नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी थांबले. पुस्तक मांडीवर तसंच उघडं, पुढे जाववेना. उलट लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' शाळेत उतारा म्हणून उरकलं, ते आता सावकाश वाचायचंय.

ज्ञानेश्वरी निवृत्तीनंतर. सुमारे ९००० ओव्या, रोज दहा म्हटल्या तरी अडीच वर्षं. पण मोतीबिंदूची सुरुवात आहे असं डॉक्टर म्हणाले, त्यामुळे थांबावं की आत्ताच सुरू करावं, कळत नाही. मोठ्या टाइपातली, अर्थासह आवृत्ती कुणी वापरता का?

आणि मुख्य म्हणजे, विसरत चाललेल्या आईवडिलांना सांभाळताना तुम्हाला कोणत्या मराठी पुस्तकानं आधार दिला? उपदेशाचं नको, माणसांचं हवं. आईला मोठ्यानं वाचून दाखवता आलं तर फारच बरं. ओव्या तिला अजून येतात.