शिकागोजवळचा छोटा शाळा डिस्ट्रिक्ट: फॉर्मवर मराठी लिहावं का?

नवं_बिऱ्हाड:
ऑगस्टमध्ये शिकागोच्या एका उपनगरात राहायला जातोय. मुलगा दुसरीत, मुलगी किंडरगार्टनला. तिथला डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, अगदी लहान, जेमतेम तीन शाळा आणि त्याही आठवीपर्यंतच. मग नववीला कुठे जायचं? शिवाय प्रवेशाच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता असं विचारलंय. काहीजण म्हणतात इंग्रजीच लिहा, नाहीतर मुलांना वेगळं बसवतात. खरंय का?

शाळेशेजारची_आई:
मराठीच लिहा. अगदी मनापासून सांगते. त्या उत्तरावरून शाळा मुलांचं इंग्रजी तपासते, एवढंच. चांगलं येत असेल तर विषय तिथेच संपतो. कमी पडलं तर जादा मदत मिळते आणि ती कायद्यानेच द्यावी लागते. १९७४ साली सुप्रीम कोर्टाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात तसा निकाल दिलाय. इलिनॉयमध्ये, म्हणजे शिकागोच्या राज्यात, एका शाळेत एकाच भाषेची अशी मदत लागणारी २० मुलं असली तर त्यांच्या भाषेतूनही शिकवावं लागतं. छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये मराठीची तेवढी मुलं कुठून असणार, त्यामुळे बहुधा इंग्रजीची शिक्षिका थोडा वेळ वेगळं घेईल. तेही नको वाटलं तर पालक लेखी नकार देऊ शकतात. इंग्रजीची वार्षिक परीक्षा मात्र तरी द्यावी लागते. माझा मुलगा पहिलीत अशा तासाला जायचा. वर्गात तोंड न उघडणारं पोर तिथल्या चार मुलांत बोलायला लागलं. ती मदत मुलांपासून हिरावू नका हो.

किंडरगार्टनसाठी मुलीला १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण होतात ना, ते बघा.

टॅक्सवाले_काका:
नववीचं मी सांगतो. हायस्कूल डिस्ट्रिक्ट वेगळा असतो. त्याचं बोर्ड, म्हणजे लोकांनी निवडलेलं शाळा मंडळ, वेगळं. शाळांचा पैसा घरावरच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, त्या बिलावर त्याची ओळही वेगळी. आजूबाजूच्या अनेक छोट्या डिस्ट्रिक्टमधली मुलं तिथे एकत्र येतात. घर घेताना दोन्ही डिस्ट्रिक्ट पत्त्यावरून तपासा. रस्ता ओलांडला की हायस्कूल बदलतं असंही होतं.

नवं_बिऱ्हाड:
सध्या भाड्यानेच राहणार. बोर्डाच्या मीटिंगला आम्हाला जाता येतं का? अजून एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहोत.

शाळेशेजारची_आई:
खुशाल जा. बोर्डाच्या निवडणुकीत मतदान करता येत नाही, पण मीटिंगमध्ये बोलता येतं. विषयपत्रिका ४८ तास आधी लावावी लागते, ती वाचून जा. बोर्डावरचे सातही जण बिनपगारी, त्याच भागात राहणारे. नाव देऊन दोन मिनिटं बोललात तरी ऐकून घेतात.