दर्यावर्दी साम्राज्यांवरचे जुने बालपुस्तक मुलीला द्यावे का?

प्रश्न (म्हापसा): घरच्या कपाटात मुलांसाठी लिहिलेले, आरमारी साम्राज्ये आणि वसाहतींवरचे एक जुने इंग्रजी इतिहासपुस्तक सापडले. त्यातील रंगीत चित्रांत वास्को द गामा आणि पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्क ऐटीत उभे आहेत, तर इथली माणसे कडेला, हात जोडून. दहा वर्षांच्या मुलीला ते वाचायला द्यावे का, आणि पावसाळ्यात जपावे कसे?

उत्तर (फोंडा): अवश्य द्यावे, पण सोबत बसून. अशी पुस्तके सहसा धाडसाच्या गोष्टी रंगवतात आणि ‘कार्ताझ’ गाळतात. हा पोर्तुगिजांचा सागरी परवाना होता; तो नसलेले व्यापारी जहाज ते जप्त करीत, म्हणजेच त्यांची सत्ता मुलखापेक्षा बंदरे आणि वसुली यांवर उभी होती. शिवाय १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवा एका फटक्यात घेतला नाही. मे महिन्यात आदिलशाही फौजेपुढे त्याला शहर सोडावे लागले आणि नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा घेताना तिमोजा या होन्नावरच्या सागरी सरदाराची मदत झाली. हे चित्रात कुठे आहे, असे मुलीलाच शोधायला सांगा.

उत्तर (मडगाव): त्याच बैठकीत १५८३ चा, पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा कुंकळ्ळी गावाचा उठावही सांगावा. लंडनमध्ये बसलेल्या लेखकाला तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आपल्याला मात्र आहे.

उत्तर (पणजी): जपणुकीचे म्हणाल तर पुस्तक भिंतीला टेकवू नका, प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नका आणि फाटलेल्या पानांना चिकटपट्टी मुळीच लावू नका. कसर दिसल्यास पाने मऊ ब्रशने झाडावीत. उन्हात वाळवल्यास रंग उडतील.